तळटीपेतला गायक : आर्थर अलेक्झांडर त्याच्याच आवाजात का ऐकावा?

१/२२
बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि बॉब डिलन या तिघांनीही ज्याचे गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेवर घेतले, असे गीतकार फार थोडे. त्यांतला एक होता अमेरिकेच्या अलाबामा राज्यातला कृष्णवर्णीय तरुण, आर्थर अलेक्झांडर. १९८० च्या दशकात हाच माणूस ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात बस चालवत होता. या दोन वाक्यांमधल्या अंतराविषयी, आणि त्या अंतरात हरवलेल्या एका आवाजाविषयी आजचा हा धागा.

२/२२
मित्रहो, सुरुवातीलाच माझे मत मांडतो. अलेक्झांडरची स्तुती करणारेच त्याला नकळत गाडून टाकतात. “बीटल्सनी त्याचे गाणे गायले” एवढे सांगितले, की त्याच्याविषयी सगळे बोलून झाले असे आपण समजतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ साधन आणि त्यावरचे भाष्य यांतला फरक शिकवावा लागत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत भाष्य वाचतो आणि मूळ संहिता न उघडताच ठेवून देतो. ही संहिता उघडली तर तिच्यात काय सापडते, ते पाहू.

३/२२
आधी भूगोल. अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या काठी फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही चार छोटी गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. ‘ब्लूजचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी १८७३ मध्ये फ्लॉरेन्सला जन्मले. एल्व्हिस प्रेस्लीला पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणारे सॅम फिलिप्सही फ्लॉरेन्सचेच, जन्म १९२३. तरीही १९६० पर्यंत इथे गाणे तयार होऊन देशभर पोहोचण्याची काही सोय नव्हती. ज्याला संगीतात काही करायचे असेल, त्याने मेम्फिस किंवा नॅशव्हिलची वाट धरायची.

४/२२
आर्थरचा जन्म १० मे १९४० चा, शेफिल्डचा. वडील गिटार वाजवत. मुलाच्या कानांवर ब्लूज आणि चर्चमधले गायन पडत होतेच, पण त्याला काउबॉय चित्रपटांतल्या गाण्यांची आणि कंट्री संगीताचीही तितकीच ओढ होती. त्या काळी कंट्री हे गोऱ्यांचे संगीत आणि रिदम अँड ब्लूज हे काळ्यांचे, अशी दुकानांची व रेडिओ केंद्रांची पक्की वाटणी होती. आर्थरच्या कानांनी ती वाटणी कधी मानली नाही. त्याच्या गाण्याचे वेगळेपण इथून सुरू होते.

५/२२
फ्लॉरेन्समध्ये एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर टॉम स्टॅफर्ड नावाच्या गोऱ्या तरुणाने संगीताचा अड्डा जमवला होता. हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलण्याचे काम करणारा आर्थर तिथे जाऊ लागला. १९६० मध्ये ‘सॅली सू ब्राऊन’ हे त्याचे पहिले सिंगल निघाले. तबकडीवर नाव होते ‘जून अलेक्झांडर’. ‘ज्युनिअर’चा अपभ्रंश होऊन घरचे लोक त्याला ‘जून’ म्हणत. तबकडी फारशी चालली नाही. हे गाणे लक्षात असू द्या, धाग्याच्या शेवटी ते पुन्हा भेटेल.

६/२२
१९६१ साल. याच वर्षी मे महिन्यात बसमधल्या वर्णभेदाला आव्हान देणाऱ्या ‘फ्रीडम रायडर्स’वर अलाबामातल्याच ॲनिस्टन आणि बर्मिंगहॅम इथे जमावाने हल्ले केले. त्याच वर्षी, त्याच राज्यात, तंबाखूच्या एका जुन्या गोदामात रिक हॉल या निर्मात्याने आपला छोटा स्टुडिओ थाटला होता. नाव ‘फेम’. माइकसमोर एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय गायक, भोवती वाद्ये घेऊन बसलेली स्थानिक गोरी पोरे. गाणे होते ‘यू बेटर मूव्ह ऑन’, शब्द आणि चाल दोन्ही आर्थरची.

७/२२
गाण्यातला प्रसंग साधा आहे. एक गरीब तरुण आपल्या प्रेयसीच्या मागे लागलेल्या श्रीमंत माणसाशी बोलतो आहे. तू तिला कपडेलत्ते, दागिने देऊ शकतोस, मी नाही; तरी तू आता निघालेलेच बरे. दुसरा कुणी गायक असता तर शेवटी आवाज चढवून धमकी दिली असती. आर्थर तसे करत नाही. तो खालच्या पट्टीत, सभ्यपणे, जवळजवळ समजुतीच्या सुरात बोलतो. त्या सभ्यतेच्या तळाशी मात्र न हलणारा एक दगड आहे. आवाज चढत नाही, म्हणूनच माणूस मागे हटणार नाही याची खात्री पटते.

८/२२
वाद्यवृंदही गाण्याच्या या स्वभावाला जपून चालतो. ठेका सावध आहे, सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा आहे, कुणीही गायकाच्या पुढे धावत नाही. रिक हॉल ही फीत घेऊन नॅशव्हिलमध्ये दारोदार फिरला आणि नकार पचवत राहिला. अखेर नोएल बॉल यांच्यामार्फत ‘डॉट’ कंपनीने ती घेतली. १९६२ च्या सुरुवातीला हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. फेम स्टुडिओचे हे पहिले यश.

९/२२
या यशाचे पडसाद दूरवर उमटले. मिळालेल्या पैशांतून हॉलने नवा, नीटस स्टुडिओ बांधला. पुढे विल्सन पिकेट, अरिथा फ्रँकलिन, एटा जेम्स यांनी तिथे जे गायले, त्यामुळे मसल शोल्स हे नाव जगाला कळले. म्हणजे ज्या इमारतीला आज सोल संगीताचे तीर्थक्षेत्र मानतात, तिचा पाया आर्थरच्या गाण्याने घातला. तो स्वतः मात्र तिच्यात फार काळ टिकला नाही. नोएल बॉलने त्याला नॅशव्हिलला नेले आणि पुढची ध्वनिमुद्रणे तिथे होऊ लागली.

१०/२२
आणखी एक कालक्रम ध्यानात घ्या. कृष्णवर्णीय गायकाने कंट्री संगीत आपलेसे केल्याचे उदाहरण म्हणून रे चार्ल्सच्या १९६२ मधल्या गाजलेल्या अल्बमकडे बोट दाखवले जाते आणि ते योग्यच आहे. पण आर्थरचे हे गाणे त्याच्या काही महिने आधीचे. कंट्रीची कथनशैली आणि सोलचा दाह एकत्र कसे नांदू शकतात, हे त्याने कसलाही गाजावाजा न करता दाखवून दिले होते. दक्षिणेतल्या सोल संगीताला पुढे जे ‘कंट्री सोल’ वळण लागले, त्याच्या उगमापाशी हा आवाज उभा आहे.

११/२२
१९६४ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सने हेच गाणे आपल्या पहिल्या ईपीवर आणले. मिक जॅगर विशीत होता आणि त्याने ते मनापासून गायले आहे, यात शंका नाही. पण दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐका. जॅगरच्या गाण्यात आव्हान देणारा तरुण दिसतो. आर्थरच्या गाण्यात असा माणूस दिसतो, ज्याला आव्हान देण्याची किंमत ठाऊक आहे. पुढे १९६९ च्या डिसेंबरात याच स्टोन्सनी ‘ब्राऊन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’ मुद्रित केली ती शेफिल्डमध्ये, आर्थरच्या जन्मगावी.

१२/२२
आता ‘ॲना’कडे वळू. हे गाणे १९६२ मधले. प्रेयसीला दुसऱ्याकडे जायचे आहे. नायक तिला म्हणतो, अंगठी परत दे आणि जा, तू मोकळी आहेस. मधल्या कडव्यात तो क्षणभर स्वतःचे दुःख सांगतो, आजवर भेटलेली प्रत्येक जण सोडूनच गेली म्हणतो, आणि पुन्हा सावरतो. पियानोची एक लहानशी धून मधूनमधून येऊन जाते. आर्थरचा आवाज कुठेही फुटत नाही. मन आतून मोडले आहे आणि हात मात्र दार उघडून धरतो आहे, असा हा स्वर आहे.

१३/२२
बीटल्सनी ‘ॲना’ मुद्रित केले ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, लंडनमध्ये. पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी त्यांनी त्या एकाच दिवसात उरकली. बावीस वर्षांच्या जॉन लेननला सर्दी झाली होती, घसा बसत चालला होता. पियानोची धून जॉर्ज हॅरिसनने गिटारवर घेतली. लेनन मधल्या कडव्यात अक्षरशः विनवतो, ओरडतो. ते गायन उत्कट आहे, मला फार आवडते. पण लेननचा नायक ‘जा’ म्हणताना ‘जाऊ नकोस’ म्हणतो. आर्थरचा नायक ‘जा’ म्हणतो आणि खरोखर जाऊ देतो. शब्द तेच, पण माणूस बदलला.

१४/२२
माझा मुद्दा इथे स्पष्ट होतो. ‘कव्हर’ हा गुन्हा नाही. चांगले कव्हर हे उत्तम भाष्य असते. लेननने ‘ॲना’वर केलेले भाष्य मोलाचे आहे, आणि आपल्याला आर्थरसारखे व्हायचे होते अशी कबुली पॉल मॅकार्टनीने पुढे दिलीच. पण भाष्यकाराने मूळ कृतीतली एक छटा उचलून मोठी केलेली असते. मूळ न ऐकता कव्हरवरूनच मत बनवणारा माणूस त्या छटेलाच संपूर्ण चित्र समजतो. आर्थरच्या बाबतीत नेमकी हरवते ती त्याच्या गाण्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट : संयम.

१५/२२
इतिहासाच्या वेड्यांसाठी एक योगायोग. ‘यू बेटर मूव्ह ऑन’ वाजवणाऱ्या पोरांपैकी डेव्हिड ब्रिग्ज (पियानो), नॉर्बर्ट पुटनम (बास) आणि जेरी कॅरिगन (ड्रम) हे ११ फेब्रुवारी १९६४ रोजी वॉशिंग्टनच्या कॉलिझियममध्ये गायक टॉमी रो याच्या साथीला होते. त्या रात्रीचे मुख्य आकर्षण म्हणजे बीटल्स, अमेरिकेतला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम! लंडनमध्ये ‘ॲना’ मुद्रित झाल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. साथीदार मंचापर्यंत पोहोचले. गाणे साऱ्या जगात पोहोचले. ज्याचे गाणे, तो मात्र त्या चित्रात नव्हता.

१६/२२
आंधळी भक्ती नको म्हणून उणीवही सांगतो. डॉटच्या काळातली सगळी मुद्रणे सारख्या तोलाची नाहीत. नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्याच्यामागे कधी गोडगोड कोरस उभा केला गेला, कधी त्या वर्षी खपणारे गाणे त्याच्या गळ्यात बांधले गेले. ‘सोल्जर ऑफ लव्ह’सारखे दुसऱ्यांनी लिहिलेले गाणे त्याने आपलेसे केले, बीटल्सनी तेही १९६३ मध्ये बीबीसीवर सादर केले. पण काही गाण्यांत गायक एकीकडे आणि सजावट दुसरीकडे, अशी ओढाताण ऐकू येते. तरी या गाण्यांतही त्याचा स्वर खोटा लागत नाही, हे विशेष.

१७/२२
हा संयम आला कुठून? त्याचे कंट्रीप्रेम हे एक उत्तर. कंट्री गायक गोष्ट सांगतो, ती सिद्ध करायला किंचाळत नाही. दुसरे उत्तर माझे स्वतःचे वाचन आहे, ते तेवढ्याच सावधपणे घ्या. ज्या अलाबामात कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या माणसाशी कोणत्या स्वरात बोलावे हेसुद्धा ठरलेले होते, तिथे नम्र आवाजात ठाम राहणे ही रोजची कसरत होती. हॉटेलात सामान उचलणाऱ्या तरुणाला ती चांगलीच ठाऊक असणार. त्याने तिचे गाणे केले. नम्रता आणि शरणागती यांत किती अंतर असते, हे मला त्याच्या आवाजातून कळले.

१८/२२
पुढची वर्षे कठीण गेली. आजारपण, व्यसन, रुग्णालयाच्या फेऱ्या यांत साठचे दशक सरले. १९७२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘आर्थर अलेक्झांडर’ याच नावाचा अल्बम काढला, निर्माता टॉमी कॉगबिल. त्यातले ‘रेनबो रोड’ हे डॅन पेन आणि डॉनी फ्रिट्स या मसल शोल्सच्या मित्रांचे गीत. एका गायकाच्या उदयाची आणि पतनाची ती कथा आर्थर जणू स्वतःविषयीच सांगतो आहे, असे वाटते. ‘बर्निंग लव्ह’ही त्याने इथे गायले, एल्व्हिसच्या आधी. एल्व्हिसचे त्याच वर्षी यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. आर्थरचा अल्बम मात्र कुणी फारसा विकत घेतला नाही.

१९/२२
१९७५ मध्ये पुन्हा एक झुळूक आली. ‘एव्हरी डे आय हॅव टू क्राय’ हे त्यानेच लिहिलेले गाणे स्टीव्ह अलेमो, डस्टी स्प्रिंगफील्ड अशा अनेकांनी गायले होते. आता ते त्याच्या स्वतःच्या आवाजात निघाले आणि ४५ व्या क्रमांकापर्यंत गेले. इतरांच्या यशातून त्याच्या हाती मात्र फार थोडे पैसे आले, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. अखेर तो या व्यवसायातून बाहेर पडला आणि क्लीव्हलंडमध्ये बस चालवू लागला. १९८८ मध्ये डिलनने ‘सॅली सू ब्राऊन’ आपल्या अल्बमवर घेतले, तेव्हा त्या गाण्याचा कर्ता संगीतापासून दूर होता.

२०/२२
पुढे अलाबामा म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याचा सन्मान केला. १९९३ मध्ये बेन वॉनच्या निर्मितीखाली त्याचा नवा अल्बम आला, ‘लोनली जस्ट लाइक मी’. साथीला डॅन पेन, डॉनी फ्रिट्स, स्पूनर ओल्डहॅम असे जुने सोबती. इथे ‘सॅली सू ब्राऊन’ पुन्हा भेटते, तेहतीस वर्षांनी. ‘गो होम गर्ल’ हे गाणे तर त्याने डॉटच्या काळात, १९७२ मध्ये आणि १९९३ मध्ये असे तीनदा मुद्रित केले आहे. मित्राच्या प्रेयसीवर मन जडलेला माणूस तिला ‘घरी जा’ म्हणतो, एवढीच गोष्ट. ही तीन मुद्रणे ओळीने ऐकली, की एका माणसाचे सारे वय ऐकल्यासारखे होते. शेवटच्या मुद्रणात आवाज जाड झाला आहे, श्वास लहान झाला आहे, आणि त्या ‘जा’मध्ये आता कसलीही तक्रार उरलेली नाही.

२१/२२
अल्बम येऊन काही महिनेही झाले नव्हते. समीक्षकांनी तो उचलून धरला, आर्थर पुन्हा मंचावर गाऊ लागला, आणि ९ जून १९९३ रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय ५३. पुढच्याच वर्षी इतर कलावंतांनी त्याची गाणी गाऊन श्रद्धांजलीचा अल्बम काढला. हेतू निर्मळ होता. पण पाहा, ज्याला आयुष्यभर इतरांच्या आवाजात ऐकले गेले, त्याचे स्मरणही इतरांच्याच आवाजात झाले. त्याला आदर खूप मिळाला. त्या मानाने ऐकणारे कमी मिळाले. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे इतिहास वाचणाऱ्याने तरी विसरू नये.

२२/२२
म्हणून एक विनंती. आज रात्री चार गाणी या क्रमाने ऐका : ‘यू बेटर मूव्ह ऑन’, ‘ॲना’, १९७२ मधले ‘रेनबो रोड’ आणि १९९३ मधले ‘गो होम गर्ल’. सगळी आर्थरच्याच आवाजात. बीटल्स आणि स्टोन्स उद्या. मग सांगा, हा माणूस तळटीपेत शोभतो की मुख्य मजकुरात. माझे उत्तर मी दिले आहे. तुमचे वेगळे असेल तर तेही जरूर लिहा, फक्त आधी मूळ साधन ऐकून घ्या. आणि तुमच्या आवडत्या एखाद्या गाण्याचा मूळ कर्ता असाच कुठे विसरला गेला असेल, तर त्याचे नाव खाली नोंदवा. त्याच्या शोधाला तिथूनच सुरुवात करू.